मंगळवारी दुपारची कसोटी

पाहुणे आले की घरातल्या पाच वर्षांच्या पोराला 'मोठेपणी कोण होणार?' हे हमखास विचारलं जातं. पोरगं 'कंडक्टर' म्हणतं, सगळे हसतात, चिवडा संपतो. दहा वर्षांनी तेच पोरगं दहावीचा निकाल घेऊन उभं राहतं, तेव्हा मात्र कोणी विचारत नाही, तेव्हा सांगतात. नव्वदच्या वर असेल तर सायन्स, खाली असेल तर कॉमर्स, आणि 'आर्ट्स' म्हणालं तर कपाळाला हात लावून ताप बघतात. या जुलमावर उतारा म्हणून 'आवडीचं क्षेत्र निवडा' हा मंत्र निघाला. मंत्र चांगला आहे, फक्त आवड ओळखायची कशी, तेवढं त्यात नाही. माझं म्हणणं असं, की आवड ओळखायची तर कामातली गोडी बघूच नये, कटकट बघावी. गोडी काय, लांबून सगळ्यांनाच लागते.

राज्य सरकारने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. तिच्यात 'गणवेशधारी सेवा' असंही एक क्षेत्र होतं. आता कडक इस्त्रीचा गणवेश कोणाला आवडणार नाही? पण तो झाला त्या सेवेचा फोटो. प्रत्यक्ष सेवा म्हणजे विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर दोर धरून उभं राहणं: कानाशी ढोल, बुटात सुजलेले पाय आणि 'साहेब, दोनच मिनिटं गाडी लावू का?' विचारणारा पुणेकर. पशुवैद्यकाचंही तेच. कुत्र्याच्या पिलाला कुरवाळणं ही आवड नव्हे. रात्री दोन वाजता, अडलेल्या म्हशीपाशी, खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं रेडकू सरळ करताना 'आपण इथे का आलो?' हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याचा कल खरा. रविवारी आवड सगळ्यांनाच असते. मंगळवारी दुपारी तीन वाजता जी उरते, तिच्यावर फॉर्म भरावा.

डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण या बाबतीत नेहमी अर्धंच दिलं जातं. कान-नाक-घशाचा हा सर्जन चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये, पूर्णवेळ नट झाला; म्हणून पालकांनी धसका घेतला आणि मुलांनी स्फूर्ती. पण नटाच्या वाट्याला टाळ्या येतात चिमूटभर. बाकी सगळ्या तालमी, दौरे, अवेळी जेवण आणि शंभरदा म्हटलेलं वाक्य आत्ताच सुचल्यासारखं पुन्हा म्हणणं. लागूंनी त्याआधी कितीतरी वर्षं डॉक्टरकी सांभाळून नाटकं केली होती. म्हणजे उडी मारण्यापूर्वी पाणी किती गार आहे, ते त्यांनी चांगलं कंबरेपर्यंत उतरून पाहिलं होतं.

यावर पहिला आक्षेप पोटाचा. घरात हप्ते थकलेले असताना कसली आवड? आक्षेप रास्त आहे, पण आवडीने पोट भरलंच पाहिजे असा नियम कोणी केला? वसंतराव देशपांडे वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करत गायले. 'घाशीराम कोतवाल'चे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, त्यात नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. नाटकही जगलं आणि पेशंटही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: कटकट सोसणं हीच पात्रता ठरवली, तर सोशिक माणूस कुठेही खपेल, वाईट धंद्यातसुद्धा. म्हणून कटकट आणि टोचणी यांत फरक करायला हवा. दिवसभर विम्याचे फॉर्म भरणं ही कटकट. पेन्शनीतल्या आजोबांच्या गळ्यात त्यांना नको असलेली पॉलिसी बांधणं ही टोचणी. कटकटीने पाय दुखतात, ते गरम पाण्यात सोडले की उतरतं. टोचणी अंथरुणात सोबत येते आणि तिच्यावर पगारवाढीचा लेप फार तर दिवाळीपर्यंत टिकतो. ज्या कामात कटकट चालते पण टोचणी नाही, ते आपलं.

तेव्हा पाहुण्यांनी प्रश्न बदलावा. 'कंडक्टर होणार' म्हणणाऱ्या पोराला विचारावं, "सुट्टे नसलेल्या पन्नास जणांशी रोज वाद घालशील? आणि राहिलेले दोन रुपये उतरताना आठवणीने परत देशील?" दोन्हींना 'हो' म्हणालं, तर हसू नये. चिवडा खाली ठेवावा आणि आशीर्वाद द्यावा.