आलेख काढा, प्रमाण गाळा

आलेख म्हटले की आपल्याकडच्या कोणत्याही दहावी पास माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधायचा तो चौकटी-चौकटींचा कागद. आणि दुसरी, त्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचे प्रमाण. 'एक्स-अक्षावर १ सेमी = १० एकक.' रेषा कितीही सरळ असो, बिंदू टोकदार पेन्सिलीने दिलेले असोत, ही ओळ राहिली की बाई लाल गोल करणार आणि अर्धा गुण कापणार.

शाळा सुटली की कळते, बाहेर तपासनीसच नाहीत. तिथे प्रमाण लिहिणारा कारकून राहतो आणि गाळणारा सल्लागार होतो. तेव्हा शाळेत झालेले नुकसान भरून काढण्यासाठी प्रौढांकरिता हा सुधारित अभ्यासक्रम.

पाठ पहिला : शून्याची हकालपट्टी

शून्य सोडून पुढून सुरुवात करायची असेल, तर शाळेत अक्षावर आरंभबिंदूजवळ नागमोडी खूण करून तसे कबूल करावे लागे. प्रौढाने शून्यही गाळावे आणि खूणही. समजा, तुमच्या क्लासचा निकाल ९६ टक्क्यांवरून ९७ वर गेला. शून्यापासून स्तंभ काढलेत तर दोन्ही सारखेच दिसतील आणि फ्लेक्सचे पैसे पाण्यात जातील. अक्ष ९५ पासून सुरू करा. पहिला स्तंभ एक सेंटिमीटर, दुसरा दोन. एका टक्क्यात यश दुप्पट! शेजारी सरांचा हात जोडलेला फोटो टाकला की वाय-अक्षाकडे कोण बघतो?

हीच विद्या उलटीही चालते. सोसायटीचा मेंटेनन्स २,५०० वरून ३,००० झाला असेल, तर सेक्रेटरींनी अक्ष एक लाखापर्यंत न्यावा. रेषा आडवी झोपते. वार्षिक सभेत 'वाढ नगण्य आहे' असे म्हणायचे आणि सभासद आकडेमोडीला लागायच्या आत समोसे फिरवायचे.

पाठ दुसरा : मुहूर्त

शाळेत सारणी पुस्तकातच दिलेली असे आणि त्यातले सगळे बिंदू घ्यावे लागत. एवढी सक्ती प्रौढांवर नाही. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांवर पोहोचला होता. २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. आता गुंतवणुकीची जाहिरात करायची आहे. आलेख जानेवारीपासून सुरू करणारा माणूस सज्जन असतो, पण त्याच्याकडे गिऱ्हाईक येत नाही. २३ मार्चपासून सुरू केला, की बाजाराबरोबर नुसता तरंगलेला फंडही पट्टीचा पोहणारा वाटतो.

पाठ तिसरा : घराण्याची ओळख

आपण काही नवीन करतो आहोत असा गर्व नको. स्तंभालेखाचे जनकत्व ज्यांच्याकडे जाते, ते स्कॉटलंडचे विल्यम प्लेफेअर. १७८६च्या त्यांच्या पुस्तकात ४४ आलेख होते. त्यांतले ४३ काळाच्या ओघात चढणाऱ्या-उतरणाऱ्या रेषांचे आणि एकच स्तंभांचा, स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा. तो एक वेगळा का? तर स्कॉटलंडची एकाच वर्षाची आकडेवारी हाती होती, रेषा ओढायला पुढची-मागची वर्षेच नव्हती! म्हणजे स्तंभालेख जन्मला तोच माहिती अपुरी पडली म्हणून. फरक एवढाच, की प्लेफेअर यांना त्या उणिवेची खंत होती. आपल्या सादरीकरणांत ती आढळत नाही. १८०१ साली वृत्तालेखही त्यांनीच छापला. आणि आडनाव प्लेफेअर असूनही कर्जापायी त्यांनी तुरुंग पाहिला.

पाठ चौथा : वर्तुळाची समृद्धी

वृत्तालेखाचा शाळकरी नियम असा : सगळ्या भागांची बेरीज १०० टक्के, एका टक्क्याला ३.६ अंश. २००९ साली शिकागोच्या फॉक्स वाहिनीने हे बंधन झुगारले. अध्यक्षपदासाठी पाठिंबा कोणाला, या वृत्तालेखात सारा पेलिन ७०, माइक हकबी ६३ आणि मिट रोमनी ६० टक्के. बेरीज १९३! लोकांनी एकाहून अधिक नावांना पसंती दिली होती, म्हणून आकडे चालले असते. वर्तुळ चालत नव्हते. कोनमापक लावला तर ६९५ अंश होतात, म्हणजे जवळजवळ दोन वर्तुळे. उमेदवार तिघेही खूश. यापुढची पायरी म्हणजे वर्तुळ तिरके करून त्याला जाडी देणे. जो भाग मोठा दाखवायचा तो पुढे ठेवावा. काठाची जाडी त्याच्याच पदरात पडते.

पाठ पाचवा : काळावर मात

एवढे करूनही रेषा उतरत नसेल, तर तारखा हलवाव्यात. मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या आरोग्य खात्याचा करोनाचा एक स्तंभालेख छान उतरता दिसत होता. लोकांनी चष्मे पुसून खाली पाहिले, तर तारखा कालक्रमाने नव्हत्या. मोठा आकडा आधी, लहान नंतर अशी मांडणी होती. बोंबाबोंब झाली आणि माफी मागून तो बदलावा लागला. बोध : अक्षाखालची अक्षरे नेहमी बारीक ठेवावीत.

स्वाध्याय

१. आपल्या वॉर्डातील खड्डे गेल्या वर्षी ४०० होते, यंदा ३९८ आहेत. हे ऐतिहासिक यश ठरेल असा अक्ष निवडा.

२. वरील आलेख विरोधी पक्षासाठी काढून द्या. (सूचना : 'दर दिवशी' ऐवजी 'आजवर एकूण' असे मोजल्यास रेषा कधीच उतरत नाही.)

३. पगारवाढ साडेतीन टक्के मिळाली आहे. ती उभ्या अक्षावर घ्यावी की आडव्या, हे मनुष्यबळ विभागाच्या दृष्टीने स्पष्ट करा.

४. (ऐच्छिक) वरील सर्व आलेख शून्यापासून, सर्व वर्षे घेऊन, प्रमाणासह काढा. या प्रश्नाला गुण पूर्ण मिळतील. बदली झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही.