गवत कुणाचं?

अमेरिकी बँकांचं वैराग्य पाहिलं की हात जोडावेसे वाटतात. २००८ च्या मंदीत क्लीव्हलँडमध्ये हप्ते थकले, जप्तीची नोटीस आली आणि माणसं चंबूगबाळं आवरून निघून गेली. बँकेने हिशेब मांडला: लिलावात येणार किती, कर आणि डागडुजीत जाणार किती? मग ती लिलावाच्या उंबरठ्यावरून अलगद मागे फिरली. कागदोपत्री मालक जुनाच राहिला. त्याला कळवून उगाच मनस्ताप कशाला द्यायचा?

कळवलं ते शहराने. अंगणातलं गवत गुडघ्याला लागतंय, पन्हळ लोंबतेय, दंड भरा. (शहराने २१ बँकांवर आणि वित्तसंस्थांवरही दावा लावला होता; कोर्टाने तो फेटाळला. गवत बँकेने थोडंच लावलं होतं!)

चोरांनी भिंती फोडून तांब्याचे पाइप नेले, तर भगदाडं मालकाची. न्याय्यच आहे. आता चोरांची हमालीही त्याच्याच खात्यावर टाकावी, म्हणजे हिशेब पुरा होईल.

अखेर घर पाडलं. पाडण्याचं बिल भाड्याच्या खोलीवर बिनचूक पोचलं. ते भरायला तो कर्ज मागायला गेला. बँकेने आपुलकीने विचारलं, ‘‘तारण म्हणून एखादं घर आहे का?’’