गालाला खळ

चहाच्या चमच्यात 5 मिलिलिटर मावतं. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे फिलरची एक सिरिंज. तेवढ्याला साधारण वीस ते चाळीस हजार रुपये पडतात, आणि माझी शेजारीण अशा दोन सिरिंजा गालात भरून घ्यायला निघाली होती.

वय चौपन्न. मार्गशीर्षात मुलाचं लग्न. कापडपेठेतून शालू आला, सराफ कट्ट्यावर जुन्या पाटल्या मोडून नव्या घडल्या, आणि परवा दुपारी ती मोबाइल घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. साखरपुड्यातला फोटो मोठा करून दाखवला. "वहिनी, बघा की. गालफडं कशी बसलीत. विहीणबाईंपेक्षा मीच दहा वर्षांनी थोरली दिसायला लागलीय." विहीणबाई तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या आहेत.

मी हसले नाही. "या वयात कशाला ही थेरं" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पुरुष साठीपर्यंत कलप लावतो, त्याला कुणी थेर म्हणत नाही. बाईनं स्वतःच्या तोंडावर चार पैसे घालायचे म्हटलं की अख्खी पेठ तिची वही तपासायला बसते. तीस-पस्तीस वर्षं तिनं घरच्या यंत्रमागांचा हिशेब ठेवलाय. पैसे तिचे, तोंडही तिचं. म्हणून मी वही काढली ती तिला अडवायला नाही, तर तिला जे कुणी सांगितलं नव्हतं ते मांडायला.

आमचं माधवनगर सूत आणि कापडाचं गाव. ताण्याला खळ का देतात हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. खळीनं धागा ताठ राहतो, मागावर तुटत नाही. आणि कोऱ्या कापडात खळ जास्त असली की ते हाताला भरदार लागतं. दोन धुण्यांत ती उतरते आणि वीण किती विरळ आहे ते उघडं पडतं. फिलर म्हणजे गालाला दिलेली खळ. हे म्हटल्याबरोबर तिला कळलं. क्लिनिकच्या चकचकीत पत्रकातून मात्र ते तिला कळलं नव्हतं.

या सिरिंजेत बहुतेक वेळा असतं ते हायल्युरॉनिक आम्ल. 1934 साली न्यूयॉर्कमध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गाईगुरांच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून वेगळं काढलं. पाणी धरून ठेवणं हा त्याचा गुण. ते परकंही नाही. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात ते सुमारे 15 ग्रॅम असतं आणि त्यातला तिसरा हिस्सा शरीर रोज मोडतं, रोज नवा बनवतं. म्हणजे मोडण्याची सवय शरीराला आधीपासूनच आहे. टोचायचं आम्ल रासायनिक दुव्यांनी घट्ट विणलेलं असतं म्हणून ते जास्त तग धरतं. सहा महिने, वर्ष, फार तर दीड वर्ष. सारख्या हलणाऱ्या ओठांत त्याहूनही कमी.

म्हणून दोन सिरिंजांची किंमत विचारणं हा प्रश्नच चुकीचा. हे भाडं आहे. पंचवीस हजारांच्या दोन धरल्या तर पहिल्या खेपेला पन्नास हजार. पुढच्या वर्षी तेवढंच लागेल असं नाही, निम्मं धरू. चौपन्न ते चौसष्ट, पहिली खेप आणि नंतरच्या नऊ. दोन लाख पंच्याहत्तर हजार रुपये, कर वेगळा. निव्वळ दिसण्यासाठीचा उपचार जीएसटीच्या लेखी आजारावरचा इलाज ठरत नाही, त्यामुळे इलाजाला असलेली सूट त्याला नाही. आरोग्य विमाही अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची दुरुस्ती सोडली तर यात एक रुपया देत नाही. पाटल्या अडचणीला मोडता येतात. गालातली सिरिंज कुठला सराफ घेणार?

ती आकड्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "पण गाल बसले ते बसलेच ना, वहिनी?"

बसले, खरं आहे. वय वाढतं तशी कातडीखालच्या चरबीची गादी आकसते, थोडी खाली घसरते. हाडसुद्धा झिजतं, डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, जबडा मागं सरतो. पण तिचे गाल नुसत्या वयानं बसलेले नव्हते. मी तिला तोंड उघडायला लावलं. वरच्या डाव्या बाजूच्या तीन दाढा नाहीत, उजवीकडच्या दोन नाहीत. दहा-बारा वर्षांपूर्वी हलायला लागल्या, काढून टाकल्या, पुन्हा बसवल्याच नाहीत. "पुढच्यांनी भागतं की. मागचं कोण बघतंय?"

मागचं अख्खं तोंड बघतं! दात काढला की त्याला धरून ठेवणारं हाड बिनकामाचं होतं आणि विरघळायला लागतं. पहिल्याच वर्षात त्या जागेची जवळजवळ निम्मी रुंदी जाते. वर गालाला आतून टेकू देणारी भिंतच राहत नाही. गाल आत जातो, ओठांची कड वळते, नाकापासून ओठांच्या टोकापर्यंतची रेघ खोल होते. आणि नेमकी तीच रेघ तिला दोन सिरिंजांनी बुजवायची होती. भिंत ढासळली असताना बाहेरून गिलावा करायचा.

दाढा गेल्या कशानं? मिश्री. चाळिशीपर्यंत सकाळ-संध्याकाळ ती मिश्री लावायची, आई लावायची म्हणून. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड हिरड्या सोलून काढते आणि आपल्याकडच्या हजारो बायका अजून तिलाच दात घासणं म्हणतात. माहेर तासगावकडचं. द्राक्षबागेत डहाळी काढण्यापासून माल भरण्यापर्यंत डोक्यावर उन्हाचा कहर आणि तोंडावर फक्त पदर. उन्हानं कातडीचा पीळ जातो, तो हळदीनं परत येत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं असलं तरी. हे सगळं तिच्या चेहऱ्यात आहे. त्याला म्हातारपण म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

आता धोक्याचं. तिनं ज्यांच्याकडे चौकशी केली, तिथं याबद्दल चकार शब्द निघाला नव्हता. चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचं जाळं आहे आणि नाक, भुवयांमधली जागा, कपाळ इथल्या वाहिन्यांचा डोळ्याच्या वाहिन्यांशी संबंध आहे. फिलर चुकून वाहिनीत शिरलं तर कातडीचा तेवढा भाग पांढरा, मग निळसर पडतो आणि सडू शकतो. डोळ्याकडे गेलं तर दृष्टी जाते, बहुतेकदा कायमची. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2015 मध्ये याची जाहीर सूचना दिली होती. असं क्वचित घडतं. पण घडलं तर हातात मिनिटं असतात. म्हणून डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचाच: हायल्युरोनिडेज इथं, या खोलीत, आत्ता आहे का? हायल्युरॉनिक आम्ल विरघळवणारं औषध ते. उत्तर द्यायला आढेवेढे घेतले तर पर्स उचलायची आणि बाहेर पडायचं. सिलिकॉनसारखं कायमचं काही भरतो म्हणाले तर प्रश्नही विचारत बसू नये, कारण ते विरघळवणारं काहीच नाही.

आणि पार्लरमध्ये तर मुळीच नाही. 1940 च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्यात प्रसाधन म्हणजे काय ते लिहिलंय: अंगाला चोळायचं, ओतायचं, शिंपडायचं, फवारायचं, आत घालायचं किंवा दुसऱ्या रीतीनं लावायचं ते. टोचायचं हा शब्द त्यात नाही. सुई आली की डॉक्टर आला, तोही चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या शिकलेला. पलीकडे मिरजेत 1962 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय असताना आपल्या बायका दोन दिवसांच्या कोर्सवर सुई धरणाऱ्यांपुढे गाल करतात, याची मला चीड येते.

"नट्या करतात की," ती म्हणाली. करतात, चेहरा ही त्यांची रोजीरोटी आहे. पण आपल्या जिल्ह्यानं चेहऱ्याचा सगळ्यात मोठा कलावंत दिलाय तो आठवावा. नारायण श्रीपाद राजहंस, 1888 चा जन्म, मिरजेच्या रंगभूमीवर 1905 मध्ये शकुंतला म्हणून उभे राहिले आणि पुढे बालगंधर्व म्हणून भामिनी, रुक्मिणी, सिंधू होत राहिले. शालू, दागिने, अत्तरं यांवर त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला आणि कंपनी कर्जात गेली. पुढं अंग सुटलं, चेहरा थकला, तरी माणसं येत राहिली, ती गळ्यासाठी. आणि चेहऱ्याचा रंग रोज रात्री तेल लावून पुसला जायचा. त्याला पुढच्या वर्षीची तारीख घ्यावी लागत नव्हती.

फिलर कुणीच घेऊ नये असं मी म्हणणार नाही. अपघातात गाल फाटलेला, आजारानं चेहऱ्याची एक बाजू वाळत चाललेली, औषधांनी चेहऱ्यावरची चरबी वितळलेली, अशा माणसाला त्या एका मिलिलिटरनं चारचौघांत वावरता येत असेल तर ते पैसे सोन्यापेक्षा मोलाचे. दात शाबूत आहेत, साखर ताब्यात आहे, कर्ज काढावं लागत नाही, डॉक्टर खरा आहे आणि आरसा बघून मनापासून वाटतंय, तर खुशाल घ्यावं, कुणाला उत्तर देऊ नये. पण हप्त्यावर कधीच नाही. गालातली खळ उतरली तरी बँकेचा हप्ता चालू, ही वेळ कुठल्याही बाईवर येऊ नये. आणि लग्नाच्या तोंडावर तर नाहीच. सूज आणि काळेनिळे डाग उतरायला आठ-पंधरा दिवस लागू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डाग जास्त पडतात, आणि तिची ती गोळी चालू आहे. तेही तिला कुणी विचारलं नव्हतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग जिभेनं डावीकडची मोकळी जागा चाचपत म्हणाली, "दाढा बसवायला किती पडतील?"

गुरुवारी तिला दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन जायचंय. फोनवर त्यांनी तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर आणायला सांगितलीय.