थेट बायापूरले निंगे!

वऱ्हाडातल्या एकाही राजाला, नवाबाला किंवा किल्लेदाराला दारातून बाहेर पडायची सवय नव्हती, असं आता सप्रमाण सिद्ध झालं आहे. दारं होती. चांगली उंच, खिळे ठोकलेली, हत्तीच्या धडकेलाही दाद न देणारी. पण ती शत्रूला आत यायला सोयीची पडावीत म्हणून. घरच्या माणसांची ये-जा भुयारातून.

पुरावा? प्रायव्हेट गाईड.

साधा गाईड वीस जणांना एकदम महाल दाखवतो. प्रायव्हेट गाईड तोच महाल एकाच कुटुंबाला दाखवतो आणि मधूनमधून आवाज खाली आणतो. जादा पैसे त्या खाली आणलेल्या आवाजाचे. आपला अकोल्या-अमरावतीचा भाऊसाहेब हल्ली याच आवाजाचा शौकीन झाला आहे. म्हैसूरच्या राजवाड्यावर लाखाच्या घरातले दिवे लागताना तो पाहून आलाय, उदयपूरला नावेत बसून आलाय आणि दोन्हीकडे त्यानं 'प्रायव्हेट टूर' घेतली, हे सोसायटीतल्या वॉचमनलाही ठाऊक आहे. आता त्याला घरचे राजवाडे पाहायचे आहेत. म्हणून एका रविवारी गाडीत डबे, चटई, पाण्याची मोठी कॅन आणि सासूबाई घालून तो अकोटमार्गे शहानूर गाठतो आणि नरनाळ्याच्या किल्ल्यावर चढतो.

राणीमहालाच्या गच्चीवरून गाईड घाणेरी आणि तरोट्याच्या रानावरून हात फिरवतो. "हा राणीसाहेबाचा बगीचा."

"अय्या!" म्हणून वहिनी घाणेरीचा फोटो काढतात.

मग तो क्षण येतो. गाईड इकडंतिकडं बघतो. आसपास माकडांखेरीज कुणी नसतं, तरी बघतो. "साहेब, हे मी सगळ्याइले नाही दाखवत. तुम्ही प्रायव्हेट घेतला म्हणून." मंडळी काट्याकुट्यांतून एका पडक्या भिंतीमागं नेली जातात. तिथं कमरेइतक्या उंचीचं एक भोक असतं. मोबाइलचा टॉर्च पाडला की चार हातांवर दगडमातीचा ढीग दिसतो, त्याच्या अलीकडं चिप्सची पाकिटं, एक चप्पल आणि कोळशानं लिहिलेलं कुणाचं तरी प्रेम. वटवाघळांचा वास येतो. गाईड आवाज पार तळाला नेतो.

"भुयार. घोड्यावर बसलेला शिपाई इकून शिरला का थेट बायापूरले निंगे."

"बाप्पा बाप्पा!" भाऊसाहेब म्हणतात. सासूबाई ढिगाऱ्याला हात जोडतात.

एवढं ऐकून कुणी म्हणत नाही की, दादा, नरनाळा ते बाळापूर सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या घरात आहे. जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या पोटातून जातो. गोठार्ड त्याचं नाव, लांबी 57 किलोमीटर. सतरा वर्षं राक्षसी यंत्रं लावून त्यांनी तो खणला, 2016 साली उघडला आणि केवढा गाजावाजा केला! आमच्या वऱ्हाडात त्याच्याहून लांब बोगदा सब्बल-टोपल्यांवर खणला गेला, तोही वाटेत पूर्णा नदीच्या खालून, आणि आम्ही अवाक्षर काढलं नाही. याला म्हणतात विनय. उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटणारी आणि पावसाळ्यात बैल गिळणारी आमची काळी माती. तिच्यात साध्या घराचा पाया घालायचा तर मुरूम लागेपर्यंत खाली जाताना मिस्त्री देव आठवतो. त्या मातीखालून घोडा, घोड्यावर शिपाई, शिपायाच्या हातात भाला. आणि निघालेला मलबा? तो टाकला असता तर सातपुड्याच्या शेजारी आणखी एक सातपुडा उभा राहिला असता. पण राजानं तोही लपवला असणार. प्रायव्हेट मलबा.

हे एकच भुयार असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण गाविलगडाचं भुयार नरनाळ्याला निघतं. अचलपूरच्या हौज कटोऱ्याचं गाविलगडाला निघतं. बाळापूरच्या किल्ल्याचं अकोल्याच्या असदगडाला निघतं. सांगणारा गाईड बदलला की भुयाराचं दुसरं तोंडही बदलतं. म्हणजे जमिनीखाली कुठंतरी, बहुधा अकोटच्या आसपास, एक मोठं जंक्शन असलं पाहिजे. मला काळजी त्या जंक्शनची वाटते. तिथं चौकशीची खिडकी असेल आणि खिडकीत कुणी नसेल. नरनाळ्याहून आलेला स्वार खाली उतरून विचारत असेल, "काहो काकाजी, अचलपूरचा घोडा लागला काय?" आणि काकाजी तंबाखू मळत म्हणत असतील, "गेला ना बावा आत्ताच, आता उद्या." एका कोपऱ्यात आलूबोंडे, एका कोपऱ्यात मशालीचं तेल, सुटे होन नसल्यानं उडालेली वादावादी. बाळापूरकडच्या तोंडाशी टोलनाका, त्यावर नवाबाच्या मेव्हण्यांना सूट. पावसाळ्यात पूर्णेचं पाणी पाझरलं की 'भुयार दुरुस्तीसाठी बंद, गैरसोयीबद्दल दिलगीर'. पण बंद म्हणजे चार दिवस. कारण त्या काळच्या स्वाराला वेळेवर पोचायचं होतं आणि त्या काळच्या राजाला ते ठाऊक होतं. जमिनीखाली एवढी चोख व्यवस्था होती आणि जमिनीवर काय आहे? अचलपूरहून मूर्तिजापूर गाठून यवतमाळपर्यंत जाणारी शकुंतला रेल्वे 1994 पर्यंत वाफेवर चालली, पुढं डिझेलवर चालली, मग चालायचीच थांबली. अकोला-अकोट मीटरगेज 2017 साली बंद पडली आणि तेवढ्या तुकड्यावर ब्रॉडगेज गाडी धावायला 2022 चा नोव्हेंबर उजाडला. त्याच वर्षी गांधीग्रामजवळचा पूर्णेवरचा जुना पूल तडे जाऊन बंद झाला आणि अकोटच्या माणसाला अकोल्याच्या दवाखान्यात यायचं तर कुठून यायचं हे कोडं पडलं. त्याच वर्षी जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरून जागतिक विक्रमही झाला. तो रस्ता व्हावा म्हणून आधी कित्येक वर्षं आम्ही मणके मोजत गेलो, त्या तासांची नोंद कुठल्या विक्रमात आहे? अशा माणसानं भुयारावर विश्वास ठेवला तर त्याचं काय चुकलं? वरून जाता येत नाही, तेव्हा खालून तरी कुणीतरी गेलं असेल, एवढीच त्याची भाबडी आशा.

मला एकच सांगा. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रज फौज गाविलगडाला खिंडार पाडून आत घुसली. किल्लेदार बेनीसिंग आतल्या दाराशी लढत पडला, त्याच्याभोवती त्याचे शिपाई पडले. नरनाळ्याला निघणारं भुयार पायाखाली असताना ही माणसं दारात का मेली? कुणी चावी विसरलं होतं? की त्या दिवशी प्रायव्हेट गाईड रजेवर होता? एवढी माणसं जिथं जिवानिशी गेली त्या दारात उभं राहून आपण भोक कुठं आहे ते विचारतो. याची लाज वाटली पाहिजे, पण लाजेचं तिकीट वेगळं असावं.

गाईडवर माझा राग नाही. त्याला पोट आहे आणि तो ग्राहक ओळखतो. राग आहे तो ग्राहकावर, म्हणजे तुमच्या-माझ्या भाऊसाहेबांवर. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा 1487 सालचा, फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्कच्या काळातला. त्याचे कोरीव सज्जे, कमळं आणि वरची अक्षरं बघत माणसानं तासभर मान वर करून उभं राहावं. भाऊसाहेब तिथं पाच मिनिटं थांबतात, त्यातली चार फोटोसाठी उजेड कुठून येतो हे बघण्यात जातात. पुढं खडकात खोदलेली, वरून झाकलेली टाकी लागतात. गाईड सांगतो, "ही तेला-तुपाची टाकी." भाऊसाहेब वाकून बघतात आणि विचारतात, "किती क्विंटल तूप मावत असेल?"

तूप! अरे बाबा, तीन हजार फुटांच्या आसपास उंचीचा डोंगर. माथ्यावर नदी नाही, ओढा दिवाळीनंतर टिकत नाही. त्यावर फौज, घोडे, हत्ती, जनाना, मुदपाकखाना आणि तो तुझा घाणेरीचा बगीचा. एप्रिल-मे महिन्यांत ही सगळी लेकरं काय तूप पीत होती? दख्खनच्या गडांवर जागोजाग तळी खोदली, निघालेल्या दगडानं तट उभारले, पावसाचा उतार त्या तळ्यांकडं वळवला. उन्हानं आटू नये, पाचोळा पडू नये म्हणून टाकी झाकली. नरनाळ्याच्या सक्कर तलावात आजही उन्हाळ्यात पाणी असतं. गाविलगडावर अजून तळी आहेत. अचलपूरजवळचा हौज कटोरा तर तलावाच्या मधोमध बांधलेली अष्टकोनी मजल्यांची इमारत, म्हणजे पाण्यात बसून गार वारा खायची सोय. राजवाड्याचा खरा दिमाख हाच होता. पण पाण्याच्या गोष्टीत आवाज खाली आणता येत नाही आणि घोडा मावत नाही, म्हणून ती कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही.

भुयारच पाहायची हौस असेल तर सातपुड्याच्या कडेकडेनं बऱ्हाणपूरला जा. तिथं 1615 सालचा कुंडी भंडारा आहे. डोंगरात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या भुयारातून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलं आणि हवेसाठी, उपशासाठी वर शंभरावर कुंड्यांची रांग लावली. त्याच सुमारास मलिक अंबरनं तेव्हाच्या खडकीत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, असंच पाणी नहरीनं फिरवलं. ही खरीखुरी भुयारं. मोजलेली, उतार काढलेली, खणणाऱ्यानं घाम गाळलेली. त्यांतून घोडा जात नव्हता, पाणी जात होतं. चारशे वर्षं झाली, बऱ्हाणपूरच्या भुयारात पाणी अजून वाहतं आहे.

आणि आम्ही? नरनाळ्यावरून दक्षिणेला नजर टाका. खाली दिसतो तो पूर्णेचा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतली शेकडो गावं, जिथं विहीर खणली तर पाणी लागतं पण ते तोंडात धरवत नाही. पिकाला चालत नाही, माणसाला चालत नाही, आणि वर्षानुवर्षं तेच पिऊन मूत्रपिंड बसलेली माणसं गावोगाव आहेत. त्या पट्ट्यातून तासभर गाडी चालवत भाऊसाहेब गडावर आले. येताना विकतच्या पाण्याची कॅन आणली, कारण वाटेत कुठलं पाणी प्यावं याचा भरवसा नाही. ती कॅन कडेवर घेऊन ते पाचशे वर्षांच्या टाक्याच्या काठावर उभे आहेत आणि तुपाचा हिशेब विचारत आहेत. मला हसू येईनासं झालं आहे. ज्या मुलखात मुलीचं स्थळ पाहताना आधी गावचं पाणी कसं आहे ते विचारतात, त्या मुलखातल्या माणसाला राजवाड्यात गेल्यावर तोच प्रश्न सुचू नये?

तेव्हा वाचकहो, प्रायव्हेट गाईड जरूर घ्या. त्याला कबूल केलेले पैसे पुरते द्या, वर चहा पाजा. भोकात टॉर्चही मारा, लेकरांची हौस आहे. फक्त एकदा त्याला विचारा, "दादा, या महालात पाणी कुठून येत होतं?" चार जणांनी विचारलं की पाचव्याला तो स्वतःहून तळी दाखवील, कारण तो ग्राहक ओळखतो. आणि त्यानं उलट विचारलं की "साहेब, तुमच्या घरच्या नळाले कुठून येते?", तर उत्तर तोंडपाठ असू द्या. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं. अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून.