शीलाचा दाखला

परदेशी माणसाला देशीयकरणाने भारतीय व्हायचे असेल, तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याची तिसरी अनुसूची त्याच्याकडून साधारण १२ वर्षांचे वास्तव्य मागते. ते ठीकच, पासपोर्ट आणि निवास परवान्यावरून ते सिद्धही होते. गंमत पुढे आहे. अर्जदाराचे शील चांगले असल्याची प्रतिज्ञापत्रे दोन भारतीय नागरिकांनी द्यायची. त्या दोघांच्या शीलाची हमी कोणी घ्यायची, यावर नियम मौन पाळतात. जन्माने नागरिक झालेला सुशीलच, हे गृहीत. भाषेचीही तीच तऱ्हा. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणतीही एक पुरेशी येत असल्याचा दाखला चालतो. म्हणजे मुंबईकर अर्जदार संस्कृतावरही पात्र ठरेल. भाजी कोणत्या भाषेत घ्यायची, ते त्याचे तो पाहील. शिवाय आपण नागरिकत्व मागत असल्याची वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची.

सरकारने कुठेतरी चाळणी लावायलाच हवी, हा आक्षेप रास्त आहे. पण सरकारी चौकशीची चाळणी आहेच. ती नीट होत असेल, तर ओळखीच्यांनी मुद्रांकावर केलेली स्तुती अनावश्यक. होत नसेल, तर ती निरुपयोगी. खोट्या प्रतिज्ञापत्राला शिक्षा आहे, म्हणून धाक राहतो, असेही कोणी म्हणेल. राहत असेल, पण ‘माणूस चांगला आहे’ हे विधान कोर्टात खोटे पाडणार कसे? मात्र अर्जदाराला इथे नोटरी गाठता येतो आणि सहीला दोन माणसे उभी करता येतात, एवढे या कागदांतून निर्विवाद सिद्ध होते. तो पुरता इथला झाल्याचा याहून सबळ पुरावा तिसऱ्या अनुसूचीलाही सुचलेला नाही.