आत्मपरीक्षणाची मुदत

मनुष्याने दिवसाकाठी एकदा तरी आपल्या कृत्यांकडे त्रयस्थ दृष्टीने पाहावे, हा उपदेश आजवर संतांनी, समाजसुधारकांनी आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी विनामूल्य केला, आणि विनामूल्य असल्यामुळेच तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. परंतु ज्या दिवशी या आत्मपरीक्षणास गुण लागू झाले, ते अपलोड करण्याची मुदत रात्रीच्या 11 वाजून 59 मिनिटांची ठरली, आणि मुदत टळताच नावासमोर तांबड्या अक्षरांत 'मिसिंग' असा शेरा उमटू लागला, त्या दिवसापासून आत्मपरीक्षण विलक्षण नियमितपणे होऊ लागले आहे.

आमची भाची सध्या बी.एड. करीत आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2014 साली नवे विनियम काढून एका वर्षाचा हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला, शाळेतील प्रत्यक्ष अनुभव किमान वीस आठवड्यांचा ठरविला, आणि छात्राध्यापकाने नुसते शिकवून न थांबता शिकविलेल्याचे चिंतनही करावे अशी स्तुत्य अपेक्षा धरली. या अपेक्षेची वंशावळ थोर आहे. जॉन ड्यूई यांनी 1910 साली विचारप्रक्रियेवर ग्रंथ लिहिला. डोनाल्ड शॉन यांनी 1983 साली, कुशल माणूस हातातले काम चालू असतानाच विचार करीत असतो, असे प्रतिपादन केले. आणि 1988 साली ग्रॅहम गिब्ज यांनी चिंतनाच्या सहा पायऱ्या सांगितल्या. आमच्याकडील दफ्तरी वृत्तीस या तिघांपैकी गिब्जच अधिक मानवले, यात नवल नाही. कारण सहा पायऱ्या म्हणजे सहा रकाने, आणि रकाना दिसला की तो भरून घेतल्याशिवाय आम्हांस अन्न गोड लागत नाही.

ते सहा रकाने आता गूगल फॉर्मवर आहेत: घटना, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृतिआराखडा. प्रत्येकापुढे तांबडी चांदणी, म्हणजे भावना भरल्यावाचून फॉर्म पुढे सरकावयाचा नाही. एकदा दहाच्या सुमारास भाची लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "मामा, 'सुरुवातीला थोडी भीती वाटली, पण नंतर आत्मविश्वास वाढला' हे मागच्या आठवड्यात लिहून झालंय. आता या आठवड्यात काय वाटू दे?" आम्ही कुतूहल सुचविले. ते दोन मैत्रिणींनी आधीच लिहिले होते, आणि लिहिलेले सर्वांनी पॅडलेटच्या भिंतीवर चिकटवावयाचे असल्यामुळे तीच भावना तिसऱ्यांदा वाटणे अप्रशस्त दिसले असते. शिवाय इतर दोघांच्या चिंतनावर अभिप्राय देण्याचाही दंडक आहे. तो 'खूप छान चिंतन!' या तीन शब्दांत सर्वत्र पाळला जातो. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटीचे आगमन झाल्यापासून तर हा सारा व्यवहार सुकर झाला असून, 'दीडशे शब्दांत लिही आणि पश्चात्ताप थोडा वाढव' अशी आज्ञा करताच पश्चात्ताप तत्काळ रुजू होतो.

या सगळ्यात एकदा एक अनियमितता घडली, ती सांगितली पाहिजे. सहावीच्या वर्गात अपूर्णांकांचा भागाकार शिकवीत असताना, अंश-छेदांची उलटापालट करून गुणावे हा नियम तिने पाठ टाचणाबरहुकूम फळ्यावर मांडला, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "बाई, तीनला अर्ध्याने भागलं तर सहा कसे? भागल्यावर वाढतं कसं?" तिने 'तसा नियम आहे' म्हणून वेळ मारून नेली, मात्र तो प्रश्न तिच्याबरोबर एस.टी.त बसला, जेवावयास बसला आणि रात्री निजूही देईना. तीनात अर्धे किती वेळा मावतात, एवढेच तो भागाकार विचारतो, हे अखेर तिच्या ध्यानी आले. दुसऱ्या दिवशी टाचण बाजूस ठेवून तिने तीन कागद मधोमध फाडले आणि त्या मुलाकडूनच तुकडे मोजून घेतले. विचाराचा आरंभ संभ्रमात होतो असे ड्यूई म्हणत, ते हेच. हा सारा वृत्तान्त तिने पाच ओळींत, कोणाची मदत न घेता, फॉर्मवर लिहिला. दहापैकी चार गुण मिळाले. शेरा: 'भावना अस्पष्ट. कृतिआराखडा आढळला नाही.'

आम्हांस त्या वेळी नाना फडणीस आठवले. पेशवाईचा अवघा जमाखर्च ज्याच्या लेखणीखाली, त्या गृहस्थाने स्वतःविषयीही थोडे लिहून ठेविले आहे. ते त्रोटक आहे, अपुरे आहे, पण त्यात तारुण्यातील विकारांची कबुली आहे आणि 1761 साली पानिपताच्या आकांतातून जीव घेऊन निसटल्याची हकीकत आहे. इतक्या मोठ्या कारभाऱ्याने इतके उघडे लिहावे, हे आजही वाचणाऱ्यास चकित करते. परंतु परीक्षकाच्या दृष्टीने पाहता घटना आणि भावना हे दोन रकाने ठीक भरले, पुढे काय? 'असाच प्रसंग पुन्हा उद्भवल्यास आपण कोणती वेगळी कृती कराल?' या अनिवार्य प्रश्नापुढे नाना अडकले असते, आणि फॉर्म काही सबमिट झाला नसता.

भाचीने धडा घेतला. तिच्या पुढील चिंतनांत भावना सुस्पष्ट असतात आणि कृतिआराखड्यात 'शैक्षणिक साधनांचा अधिकाधिक वापर करीन' हे वाक्य न चुकता असते. गुण नवाच्या खाली येत नाहीत. आता महाविद्यालयात मूल्यांकन समिती यावयाची आहे, आणि गतवर्षीच्या चिंतनांची फाईल अर्धवट असल्याचे उघडकीस आल्यामुळे, प्रत्येकाने मागील सत्रातील राहिलेले आत्मपरीक्षण शनिवारपर्यंत पूर्ण करून द्यावे असा हुकूम व्हॉट्सॲपवर निघाला आहे.

"मामा," काल तिने विचारले, "गेल्या ऑगस्टमध्ये मला काय वाटलं असेल हो?"

आम्ही म्हटले, "ऑगस्टला भीती लाव. आत्मविश्वास सप्टेंबरच्या फॉर्मला लागेल."