श्रीअन्न आणि श्रीमंत अन्न

2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये किलो, गहू 2 आणि भरड धान्य 1 रुपया असे दर ठरले होते. म्हणजे ज्वारी-नाचणी शेवटच्या पंगतीला. मग 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्याचं वर्ष ठरवलं, आपल्या अर्थसंकल्पानं त्याला ‘श्रीअन्न’ म्हटलं आणि नाचणीची बिस्किटं मॉलमध्ये चकचकीत पुड्यात जाऊन बसली. रेशनच्या पिशवीत बहुतेकदा गहू-तांदूळच.

व्यायामाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते. साहेब ती सहाव्या मजल्यावर ट्रेडमिलवर मोजतात; लिफ्ट बंद म्हणून जिना चढून आलेल्या मावशी त्याच ट्रेडमिलची धूळ पुसतात. (घाम त्यांनाही येतो, मनगटी घड्याळ तेवढं नाही.) आरोग्य शिबिरातले आहारतज्ज्ञ मावशींना बजावतात, “रोज एक फळ खा आणि थोडं चालत जा.”

“चालतच येते हो, रिक्षाचे पैसे कोण देणार? फळाचं तेवढं साहेबांना सांगून ठेवा.”